रेवातीरींचें गढा-मंडला : प्रवाशाची दृष्टि व इतिहासाचीं साधनें

(१)

नर्मदेच्या वरच्या खोऱ्याविषयीं मराठींत व हिंदींत जें प्रवासवाङ्मय आढळतें तें वाचतां एक गोष्ट सहज ध्यानांत येते. अमरकंटकापासून जबलपुरापर्यंतच्या या टापूंत वाचकास तीर्थें भेटतात, घाट भेटतात, धबधबे व सालवृक्षांचीं अरण्यें भेटतात. आणि या सर्वांच्या मधून मधून, देखाव्याचा एक भाग म्हणून, गोंड व बैगा भेटतात. देवळाचा कालनिर्णय दिलेला असतो, घाट बांधणाराचें नांव दिलेलें असतें. गोंडाच्या गांवास मात्र ना शक ना संवत्. त्याचें वर्णन 'अनादि कालापासून' या शब्दांनीं सुरू होतें आणि बहुधा तेथेंच संपतें.

या सवयीची परीक्षा करण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. कारण ही सवय निरुपद्रवी नाहीं. इ. स. २०२४ मध्यें रामनगर-मंडला येथील गोंड वास्तूंचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत झाला. यापुढें तेथें प्रवासी अधिक जातील, नवे फलक लागतील, मार्गदर्शिका छापल्या जातील. एकदां फलकावर चढलेलें वाक्य खालीं उतरविणें हें झिजलेला शिलालेख वाचण्याहूनहि कठीण असतें, हा अनुभव महाराष्ट्रांतील किल्ल्यांच्या बाबतींत आपणां सर्वांस आहेच. तेव्हां त्या फलकांवर काय लिहिलें जावें याचा विचार आतांच होणें इष्ट.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. गोंडांच्या स्थळांना इतिहास नाहीं ही समजूत खोटी आहे. त्यांना इतिहास आहे, साधनेंहि भरपूर आहेत. परंतु तीं साधनें एकमेकांशीं जुळत नाहींत. हा विसंवाद झांकून ठेवणारें वर्णन, मग तें कितीहि गौरवपर असो, त्या स्थळांवर व त्यांच्या वारसदारांवर अन्यायच करतें.

(२)

या सवयीचें मूळ जुनें आहे. मेघदूतांतील मेघ आम्रकूट पर्वतावर क्षणभर विसावतो तेव्हां तेथील कुंजांत वनचरांच्या स्त्रिया विहार करतात, एवढाच त्या लोकांचा निर्देश येतो. लगेच पुढें विंध्याच्या पायथ्याशीं विखुरलेली रेवा दिसूं लागते आणि कवीचें सारें लक्ष तिजकडे वळतें. आम्रकूट म्हणजेच अमरकंटक असें परंपरेनें समजतात. ती ओळख बाजूला ठेवली तरी मुख्य मुद्दा बदलत नाहीं. बाणभट्टाच्या कादंबरींत विंध्यारण्यांतील शबरांची सेना येते ती घाबरलेल्या शुकाच्या मुखानें, साक्षात् भयाचें रूप घेऊन. म्हणजे वनवासी एक तर रमणीय, नाहीं तर भयंकर. पाठशाळांतून हीं स्थळें शिकविलीं जातात तेव्हां अलंकार कोणता हें विचारलें जातें. त्या स्त्रिया कोणत्या भाषेंत बोलत असतील, हा प्रश्न परीक्षेस येत नाहीं.

यांत कवीचा दोष नाहीं. काव्य हें काव्य आहे. दोष आहे तो कवीची दृष्टि उसनी घेऊन तिलाच इतिहास म्हणणाऱ्या गद्य लेखकाचा. परिक्रमेच्या वर्णनांची गोष्ट थोडी निराळी आहे. परिक्रमावासी नदीला माता मानून तिच्या तीरानें चालतो. त्याची कसोटी श्रद्धेची असते व तिजवर ऐतिहासिक टीकेचें शस्त्र चालविणें अप्रयोजक होय. परंतु जो लेखक कलचुरींच्या देवळापुढें उभा राहून शतक सांगतो, त्यानें चार कोस पुढें गेल्यावर गोंडांच्या राजवाड्यापुढें दंतकथेवर भागविणें हें मात्र क्षम्य नव्हे.

(३)

आतां प्रत्यक्ष स्थळें पाहूं. जबलपुराच्या पश्चिमेस तेवर नांवाचें गांव आहे. हीच कलचुरींची राजधानी त्रिपुरी. जवळच भेडाघाटास चौसष्ट योगिनींचें वर्तुळाकार देवालय आहे. त्याच परिसरांत, आजच्या जबलपूर शहराच्या पोटांत, गढा आहे. तेथील प्रचंड शिळांच्या टेकडीवर मदनमहाल नांवाची लहानशी वास्तु उभी आहे. त्रिपुरीपासून गढ्यापर्यंतचें अंतर थोडें, परंतु हे दोन इतिहास एकाच्या जागीं दुसरा येऊन बसलेले आहेत, ही गोष्ट प्रथम ध्यानांत ठेविली पाहिजे. पुढील कालनिर्णय सर्वस्वी तिजवर अवलंबून आहे.

गढ्याच्या गोंड घराण्याचें सर्वांत महत्त्वाचें लेखी साधन म्हणजे रामनगरचा शिलालेख. रामनगर हें मंडल्याच्या वरच्या अंगास नर्मदेच्या कांठीं वसलेलें गांव. सतराव्या शतकांत हृदयशाह अथवा हिरदेशाह याने येथें राजधानी केली. त्याचा मोतीमहाल, राणीचा महाल व रायभगताची कोठी या वास्तु आजहि उभ्या आहेत. शिलालेख संस्कृतांत असून संवत् १७२४, म्हणजे इ. स. १६६७, हा त्याचा काल आहे. रचनाकार पंडित जयगोविंद. त्याचें भाषांतर 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पंधराव्या खंडांत इ. स. १८२५ मध्यें प्रसिद्ध झालें व मूळ पाठ फिट्झ-एडवर्ड हॉल याने नंतर अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकांत छापला. म्हणजे हें साधन दोनशें वर्षें विद्वानांच्या हातीं आहे. तें उपलब्ध नव्हतें अशी सबब कोणासहि सांगतां येणार नाहीं.

या प्रशस्तींत यादवराय या मूळपुरुषापासून हृदयेशापर्यंत पन्नासाहून अधिक राजांची नामावळी आहे. स्लीमन याने इ. स. १८३७ मध्यें गढा-मंडल्याच्या राजांवर जो निबंध लिहिला त्यांत या नामावळीच्या आधारें यादवरायाचा काल इ. स. ३५८ इतका मागें नेला. अनेक वर्णनांतून हा आंकडा आजहि फिरतांना दिसतो. परंतु तो टिकत नाहीं. सातव्या-आठव्या शतकांपासून तेराव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्रिपुरीस कलचुरी सार्वभौम होते, कर्णासारखा दिग्विजयी राजा (इ. स. १०४१–१०७३) त्याच घराण्यांतला. त्यांचे ताम्रपट व शिलालेख विपुल आहेत. राजधानीच्या वेशीवर दुसरें सार्वभौम कुल आठशें वर्षें नांदत होतें असें मानण्यास आधार पाहिजे, आणि असा आधार नुसत्या नांवांच्या यादींत मिळत नाहीं. प्रशस्तिकारास आश्रयदात्याचें कुल जितकें लांबवितां येईल तितकें लांबविण्याची मुभा असते, हें संस्कृत प्रशस्ति वाचणारांस सांगणें नलगे. या घराण्याचा भक्कम इतिहास पंधराव्या शतकाच्या अखेरीस व सोळाव्याच्या आरंभीं, संग्रामशाहाच्या सुमारास, हातीं लागतो. बावन्न गढांचा स्वामी म्हणून त्याची ख्याति आहे.

येथवर आमचें विवेचन गोंडांच्या प्राचीनत्वाचा अभिमान बाळगणाऱ्यांस रुचणार नाहीं. परंतु खरी मौज पुढेंच आहे.

(४)

संग्रामशाहाच्या सोन्याच्या नाण्यांवर त्याच्या कुलाचा निर्देश पुलस्त्यवंश असा आहे. पुलस्त्य हा ब्रह्मदेवाचा मानसपुत्र. त्याचा पुत्र विश्रवा. विश्रव्याचे पुत्र कुबेर व रावण. मंडल्याचे गोंड आपणांस रावणवंशी म्हणवितात, अशी नोंद रसेल व हिरालाल यांच्या इ. स. १९१६ च्या ग्रंथांत आहे. राजाने नाण्यावर घातलेला पुलस्त्य आणि प्रजेच्या तोंडचा रावण यांचा मेळ उघड आहे. कोणी म्हणेल कीं पुलस्त्याच्या वंशांत कुबेरहि येतो, तेव्हां राजाच्या मनांत धनाचा स्वामी असेल, लंकेचा नसेल. हा आक्षेप तर्कदृष्ट्या नाकारतां येत नाहीं. पण कुबेरवंशी म्हणविणारा समाज त्या प्रदेशांत दाखवावा लागेल, आणि रावणवंशी म्हणविणारा तर समोर आहे.

आतां नाणें व शिला यांची तुलना करावी. संग्रामशाहाच्या नाण्यावर पुलस्त्यवंश. त्याच कुलाच्या इ. स. १६६७ च्या लेखांत मूळपुरुष यादवराय. तोंडी परंपरा या यादवरायास बाहेरून आलेला रजपूत ठरविते व त्याने गोंड राजा नागदेवाच्या एकुलत्या एक कन्येशीं विवाह करून गादी मिळविली असें सांगते. तिसरें साधन अकबरनामा. अबुल फजल लिहितो कीं संग्रामशाहाचा पुत्र दलपतशाह हा वस्तुतः त्याच्या पदरच्या गोविंददास कछवाहाचा मुलगा. संग्रामशाहाने तो जन्मतःच आपलासा केला. दलपतशाहाची राणी दुर्गावती महोब्याच्या चंदेल राजाची कन्या होती हेंहि अबुल फजलच सांगतो, आणि सासरचें कुल हलकें परंतु संपन्न होतें म्हणून हा संबंध घडला, असा शेरा मारतो.

या तिन्ही साधनांकडे एकत्र पाहिलें असतां एक गोष्ट स्पष्ट होते. गोंड राजा शूर निघाला, त्याचें राज्य वैभवास चढलें, कीं त्याच्या अंगांत रजपूत रक्त कोठून तरी आणून घालावयाचें, ही लेखकांची रीत आहे. परंपरेने तें वंशाच्या आरंभीं घातलें. अबुल फजलने मध्यें घातलें. केवळ राजाच्या स्वतःच्या टांकसाळींतून निघालेलें नाणें तेवढें वेगळें बोलतें. समकालीन व अस्सल साधनास उत्तरकालीन प्रशस्तीहून अधिक मान द्यावा हा आपल्या संशोधनशास्त्राचा पहिला पाठ. तो येथें लावला तर निष्कर्ष असा निघतो कीं सोळाव्या शतकांत गढ्याचा राजा आपलें कुल पौराणिक परिभाषेंत सांगत होता खरें, पण तें सांगतांना त्याने रजपूत वंशावळीची वाट धरली नव्हती. ती वाट पुढच्या पिढ्यांनीं धरली, आणि जयगोविंदाच्या काव्यानें तिजवर दगडी मोहोर केली.

रामनगरच्या दर्शकास ही कथा कोणी सांगत नाहीं. त्याऐवजीं सांगितलें जातें कीं महालाचे दगड मंत्रबलानें उडत आले व उरलेल्यांचा डोंगर झाला. जवळच काळा पहाड आहे. तेथें कोनदार काळ्या शिळांचे खांब रचून ठेविल्यासारखे दिसतात. लाव्हारस थंड होतांना आकसून असे खांब बनतात. मुंबईस अंधेरी येथील गिल्बर्ट टेकडी हा त्याच जातीचा नमुना होय. मंत्राची कथा सांगूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. लोकांनीं त्या शिळांविषयीं आश्चर्य बाळगलें ही गोष्टहि इतिहासच आहे. परंतु ज्या वास्तूचा काल, कर्ता व प्रशस्तिकार ठाऊक आहे तेथें मंत्र पुढें करून लेख मागें ठेवणें हें विपरीत होय.

(५)

दगडाहून निराळें असें एक साधन या प्रदेशांत जिवंत आहे. परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत भाट. बाणा नांवाचें तंतुवाद्य वाजवून ते बडादेवास आळवितात, यजमान घराण्यांचे वंश सांगतात व गोंड राजांच्या कथा गातात. त्या कथागायनास गोंडवानी म्हणतात. त्यांची उत्पत्तिकथा अशी कीं सात गोंड भावांवर बडादेव रुष्ट होऊन साजाच्या झाडांत लपला (साज म्हणजे आपल्याकडील ऐन). तेव्हां धाकट्या भावाने बाणा करून वाजविला व देव प्रसन्न झाला. त्या धाकट्याचे वंशज ते परधान.

या समाजावरील मूलभूत ग्रंथ एका मराठी माणसाचा आहे, हें आपल्या वाचकांपैकीं थोड्यांस ठाऊक असेल. शामराव हिवाळे हे व्हेरियर एल्विन यांजबरोबर इ. स. १९३२ मध्यें मंडला जिल्ह्यांतील करंजिया येथें जाऊन राहिले. परधानांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ इ. स. १९४६ सालीं प्रसिद्ध झाला. एल्विन यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. हिवाळे मागें पडले. वास्तविक दाराशीं येऊन गेलेल्या पाहुण्याचें लिखाण आणि वर्षानुवर्षें शेजारीं राहिलेल्या माणसाचें लिखाण यांतील अंतर पाहावयाचें असेल तर हिवाळ्यांचा ग्रंथ वाचावा. परधान मागतो तें भिक्षा म्हणून नव्हे, तर धाकट्या भावाचा हक्क म्हणून, ही गोष्ट तेथें समजते. आणि ती समजली कीं वंशगायन हें करमणूक नसून एक प्रकारचें दप्तर आहे हेंहि ध्यानांत येतें.

आज हें दप्तर बदललें आहे. हल्लींच्या दिंडोरी जिल्ह्यांतील पाटणगढ या परधानांच्या गांवचा जनगढसिंह श्याम (मृत्यु इ. स. २००१) भोपाळच्या भारत भवनाच्या द्वारें चित्रकार म्हणून पुढें आला, त्याच्या मागोमाग अनेक परधान कुटुंबें चित्रकलेकडे वळलीं. दुकानांतून 'गोंड चित्र' म्हणून जें मिळतें त्याच्या मोठ्या भागामागें हा परधानांचा हात आहे. प्रवासी चित्र विकत घेतो, ज्याच्या बापाला पन्नास पिढ्या मुखोद्गत होत्या त्याच्याशीं रंगांविषयीं बोलतो, आणि वंशावळीविषयीं एक अक्षर न विचारतां परत येतो.

बैगांची गोष्ट याहूनहि बोलकी आहे. नांगराने धरित्रीमातेचें अंग फाडूं नये म्हणून बैगा जंगल तोडून, जाळून, त्या राखेंत बीं पेरीत. या शेतीस बेवर म्हणतात. 'काळ जेथें थांबला आहे' असें वर्णन बैगांच्या वांट्यास हटकून येतें. परंतु इंग्रज सरकारने जंगलखात्याच्या हितासाठीं बेवरावर बंदी घालीत घालीत इ. स. १८९० मध्यें ती एका मर्यादित टापूपुरती राहूं दिली, व त्या टापूस बैगाचक हें नांव पडलें. म्हणजे बैगाचक हें अनादि नसून त्यास जन्मवर्ष आहे. तें एका सरकारी हुकुमाचें अपत्य आहे. ज्यास आपण निसर्ग म्हणून पाहतों तेथें एका समाजाच्या उपजीविकेवर आलेली गदा उभी आहे.

(६)

आतां आमच्या स्वतःच्या घरांतील गोष्ट. मराठी प्रवासी नर्मदेवर जातो तेव्हां महेश्वरास अहिल्याबाईंचें व रावेरखेडीस थोरल्या बाजीरावांचें स्मरण करतो. तें योग्यच आहे. परंतु मंडल्याच्या किल्ल्याशीं आपला जो संबंध आहे त्याचें स्मरण कोणी करीत नाहीं. तीन अंगांनीं नदीनें वेढलेल्या या किल्ल्यावर इ. स. १७४२ मध्यें नानासाहेब पेशव्यांची फौज आली. गोंड राजा महाराजशाह मारला गेला व राज्यावर चौथ बसली. इ. स. १७८१ मध्यें सागरच्या मराठी सत्तेने नरहरशाहास पदच्युत करून राज्य खालसा केलें. इ. स. १७९९ मध्यें मंडला नागपूरकर भोसल्यांकडे गेलें व १८१८ त इंग्रजांकडे. ज्या राज्याची राणी दुर्गावती इ. स. १५६४ मध्यें मोंगलांशीं लढतां लढतां पडली, तें राज्य शेवटीं मोंगलांनीं बुडविलें नाहीं. तें आम्हीं बुडविलें.

या घटनेविषयीं हळहळ व्यक्त करण्यासाठीं हें लिहीत नाहीं. अठराव्या शतकांतील राजकारणाची ती रीत होती. मुद्दा साधनांचा आहे. राज्य ज्यांनीं घेतलें त्यांचीं कागदपत्रें मराठींत व मोडींत आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरांत व नागपूरच्या संग्रहांत मंडल्याविषयीं जें असेल तें वाचण्याची पात्रता हिंदी भाषी संशोधकास सहसा नसते व गोंड अभ्यासकास तर ती मिळविण्याची सोयच नाहीं. तेव्हां हें काम न झाल्यास त्याचा दोष कोणाकडे जातो हें सांगावयास नको.

घराण्याचा शेवट इ. स. १८५७ मध्यें झाला. वृद्ध शंकरशाह व त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना इंग्रजांनीं १८ सप्टेंबर रोजीं जबलपुरांत तोफेच्या तोंडीं दिलें. त्यांच्याजवळ सांपडलेलें देवीच्या प्रार्थनेचें पद्य कटाचा पुरावा म्हणून पुढें आलें. त्यांच्या स्मरणार्थ जबलपुरांत उभारलेल्या संग्रहालयाचें इ. स. २०२४ मध्यें उद्घाटन झालें, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु एक विचार मनांतून जात नाहीं. गोंड राजाचें पद्य फांशी-तोफेसाठीं पुरावा म्हणून ग्राह्य ठरलें. गोंडांच्या भाटांचें पद्य इतिहासासाठीं अद्यापि ग्राह्य ठरत नाहीं.

(७)

परधानांचें गाणें शब्दशः खरें मानावें असा याचा अर्थ नव्हे. जयगोविंदाची नामावळी ज्या कसोटीस लावली तिलाच गोंडवानीहि लावली पाहिजे. आमची मागणी समान कसोटीची आहे, सवलतीची नव्हे. दगडावरची अतिशयोक्ति 'साधन' आणि कंठांतली अतिशयोक्ति 'लोककथा' हा भेद शास्त्रांत बसत नाहीं.

उशीर करण्यास सवड नाहीं. जबलपुराच्या वरच्या बाजूस बरगीचें धरण इ. स. १९९० मध्यें पुरें झालें. त्याच्या जलाशयाचें पाणी मंडल्याच्या अलीकडेपर्यंत पोंचतें व त्याखालीं दीडशेंहून अधिक गांवें गेलीं. त्यांत गोंडांचीं गांवें पुष्कळ होतीं. कोरीव देऊळ बुडूं लागलें तर तें उचलून नेण्याची कल्पना कोणास तरी सुचते. साजाच्या झाडाखालीं मांडलेला देव बुडतांना त्याची नोंद करण्याचें कोणास सुचत नाहीं, कारण त्यावर अक्षर नसतें.

यासाठीं तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, रामनगरास शिलालेखाचा नागरी पाठ, हिंदी व गोंडी भाषांतर, आणि त्याशेजारीं संग्रामशाहाच्या नाण्याचें चित्र लावावें. दोहोंतील वंशभेद स्पष्ट सांगावा व निर्णय वाचकावर सोडावा. दुसरी, ज्या परधान वृद्धांस गोंडवानी येते तिचें ध्वनिमुद्रण त्यांच्या संमतीनें व योग्य मानधन देऊन करावें. गायकाचें नांव, गांव व दिनांक ताम्रपटाच्या काळजीनें नोंदवावा, आणि प्रत प्रथम त्याच्या गांवीं ठेवावी. तिसरी, मंडल्यासंबंधीं मराठी कागद एकत्र करून छापावे. हें काम आपलें आहे.

प्रवाशास सांगणें इतकेंच कीं या खोऱ्यांत जावें तें क्रमानें जावें. आधीं तेवर, मग गढा, मग रामनगर, मग मंडल्याचा किल्ला, आणि शेवटीं पाटणगढ. कारण तेथें ज्यांच्याशीं बोलावयाचें त्यांचे प्रश्न या चार ठिकाणीं तयार होतात. गांवच्या देवस्थानांत विचारल्यावांचून पाऊल टाकूं नये. आणि परत येऊन लिहावयास बसतां, ज्या गांवाविषयीं लिहावयाचें त्याचें एक तरी साल लिहितां येतें कीं नाहीं हें आपल्याशींच तपासून पाहावें. तें येत नसेल तर दोष गांवाचा नव्हे, शोधाचा आहे असें समजून पुन्हां जावें.